कांदाचाळीच्या रुंदीचं धावणं

माझी भाची सरळ रेषेत धावते. पुढे मैदान असो, देवळाचा चौक असो की लग्नाचा रिकामा मांडव, ती आधी एखादी भिंत किंवा कडा शोधते, तिला धरून टोकापर्यंत पळते, तिथे थबकते, वळते आणि त्याच वाटेने परत येते. आडवी सहसा जात नाही. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हा तिनेच काढलेला खेळ वाटतो. मलाही तसंच वाटलं होतं.

ती सहा वर्षांची आहे. तिची आई, म्हणजे माझी थोरली बहीण, गेल्या वर्षीच्या भाद्रपदात तापाने गेली. आधी नारायणगावचा दवाखाना, मग पुण्याचा, आणि मग रुग्णवाहिकेतून परत निमगाव साव्याला. त्याबद्दल मला अजून लिहिता येत नाही. लिहायला बसले की हात तिकडेच वळतो आणि थांबतो, म्हणून मुद्दाम मुलीबद्दल लिहिते आहे.

मी मंचरला एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. लग्न केलेलं नाही. ताईचं सासर निमगाव साव्याच्या गावठाणात नाही, मळ्यात आहे. घर स्लॅबचं, तीन खोल्यांचं, पुढे ओटा. उजव्या हाताला गोठा, डाव्या हाताला कांदाचाळ. ओट्यापुढे ट्रॅक्टर जाईल एवढी वाट, आणि वाटेच्या पलीकडे लगेच ऊस. मागेही ऊस, गोठ्याच्या अंगालाही ऊस. पावसाळा सरता सरता ओट्यावर बसलं की समोर फक्त हिरवी भिंत दिसते आणि वर आभाळाची पट्टी. रस्त्यावरून गाडी गेली तर आवाज येतो, गाडी दिसत नाही.

कांदाचाळ ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. जमिनीपासून दीड-दोन फूट उचललेला तो एक लांबट पिंजराच असतो. वर पत्रे, खाली आणि बाजूंना फटी ठेवून ठोकलेल्या लाकडी पट्ट्या, म्हणजे वारा खेळता राहतो आणि कांदा सडत नाही. रुंदी जेमतेम चार फूट, कारण त्याहून रुंद केली तर मधल्या कांद्याला वारा लागत नाही. लांबी ज्याच्या त्याच्या ऐपतीएवढी. उन्हाळी कांदा चैत्रात भरतात आणि भाव बघत बघत दिवाळीपर्यंत काढतात. दिवाळी ते गुढीपाडवा चाळ रिकामी असते.

त्या रिकाम्या महिन्यांत माझी भाची चाळीत राहायची. ती चालायला लागली तेव्हा दाजींनी चाळ झाडून घेतली, पट्ट्यांवरून बाहेरून जाळी मारली, आत पोती आणि त्यावर एक जुनी गोधडी अंथरली. खेळणी टाकली. दाराला कडी बाहेरून. ताई खुरपायला गेली, सासूबाई गोठ्यात असल्या, की पोर चाळीत. ती एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पळायची, वळायची, परत यायची. मी मोबाइलवर त्याचा व्हिडिओ काढला होता आणि ग्रंथालयात सगळ्यांना दाखवला होता. सगळ्यांना तो फार आवडला.

यात कुणाचा दुष्टपणा नव्हता. ज्यांना आमचा भाग ठाऊक नाही त्यांना हे पटायला अवघड जातं. इथे उसात बिबट्या राहतो. जंगलातून येतो असं नाही, उसातच जन्मतो, उसातच वाढतो. शेळी जाते, कुत्रं जातं, आणि कधी कधी मूल जातं. शेजारच्या मळ्यातलं गेलं होतं, भाची जेमतेम वर्षाची असताना. त्या घरातल्या बाईला मी नंतर एकदा पाहिलं. ती भाजी निवडत होती आणि दर थोड्या वेळाने मान वर करून काहीतरी मोजल्यासारखं करत होती. तेव्हा चाळीला जाळी मारणाऱ्या बापाला मी काय सांगणार? मीही त्याच्या जागी तेच केलं असतं.

ताईचं म्हणणं वेगळं होतं. ती फार शिकलेली नव्हती, पण तिला एक गोष्ट दिसत होती. जायच्या आधीच्या आषाढात ती मला फोनवर म्हणाली, "बिबट्या उसात ऱ्हातोय आणि आमी कोंडलंय पोरीला. ऊसच दारापासून लांब केला तर? पुढचा एक पट्टा मोकळा ठेवायचा. शेणानं सारवून अंगण करायचं. काही यायचं झालं तर आधी दिसंल तरी." मी विचारलं, दाजी काय म्हणतात? "ते हो म्हणतात. तोड होऊ दे म्हणतात."

तोड म्हणजे ऊसतोड. ती होण्याआधी ताई गेली.

तेराव्याला बायका मला बघून एकच म्हण म्हणत होत्या, माय मरो पण मावशी जगो. एकीने म्हटलं, दुसरीने म्हटलं, आणि तिसरीने म्हणताना डोळ्याने दाजींकडे खूण केली. मी तिथून उठले आणि मागच्या खोलीत जाऊन बसले. भाची तिथेच होती, भिंतीला पाठ लावून. ती म्हणाली, "मावशी, लई लोक आलेत. दार लाव." मी लावलं.

तेव्हापासून मी दर रविवारी जाते. मंचरहून नारायणगाव, तिथून दुसरी गाडी, पुढे कुणी भेटलं तर त्याच्या मोटारसायकलवर, नाही तर चालत. पुस्तकं नेते, रंग नेते. मुलांच्या वाढीविषयी आमच्या ग्रंथालयात जे जे होतं ते मी त्या काळात वाचून काढलं. चढणं, पडणं, लांबचं बघणं, चिखलात हात घालणं, यातून मुलाची नुसती हाडंच घडत नाहीत, त्याची भीती आणि धीरही घडतो, असं त्यात होतं. वाचताना पटत होतं आणि रविवारी मळ्यात उतरलं की ते सगळं पुस्तक निरुपयोगी व्हायचं. इथे चढायला गोठ्याची गव्हाण होती आणि लांबचं बघायला काहीच नव्हतं.

माघात तोड झाली. टोळी आली, दोन दिवसांत पुढचा सगळा ऊस पडला, आणि तिसऱ्या दिवशी ओट्यावर उभं राहिलं तर थेट रस्ता, रस्त्यापलीकडचं चिंचेचं झाड, आणि त्याही मागे डोंगराची निळी ओळ दिसायला लागली. मी त्या रविवारी मुद्दाम लवकर गेले. भाची ओट्याच्या खांबाला धरून उभी होती. म्हणाली, "मावशी, आमचं घर बाहेर आलं."

ऊस तोडला तरी त्याचे बुडखे जमिनीत राहतात. पाणी दिलं की ते पुन्हा फुटतात आणि लावण न करता दुसरं पीक उभं राहतं. त्याला खोडवा म्हणतात. म्हणजे अंगण करायचं तर याच आठ-पंधरा दिवसांत बुडखे काढून टाकायला हवेत. पाणी सोडलं की गेलं वर्ष. मी दाजींना तेच सांगितलं. ओट्यावर त्या वेळी सासूबाई होत्या, त्यांना मी आत्या म्हणते, आणि दाजींचे थोरले चुलते तंबाखू मळत बसले होते.

"ठरलं व्हतं तसं," दाजी म्हणाले. "मी कुठं न्हाई म्हणतोय."

"वरीस होऊ दे आधी," आत्या म्हणाल्या. "घरात दुःख झालंय. वर्षाच्या आत नवं काम काढत न्हाईत. चार लोक काय म्हणतील?"

मला हे माहीत नव्हतं असं नाही. माणूस गेलं की वर्षभर घरात लग्न होत नाही, घरभरणी होत नाही, विहीर खोदत नाहीत. पण अंगण?

"अंगण म्हंजे नवंच की. घराला तोंड दिल्यासारखं."

"मग खोडवा ठेवता तो कसा चालतो, आत्या? तेही नवं पीकच झालं."

"त्यो काय आपण लावतो व्हय? त्यो त्याचा त्योच फुटतोय. त्याला सुतक न्हाई."

चुलत्यांनी तंबाखू दाढेला धरली. "मॅडम, एक इचारू का? तुमच्या पुस्तकात बिबट्या हाये का?"

"पुस्तकात नाही, उसात आहे. म्हणूनच ऊस लांब न्या म्हणते."

"आन् लांब नेल्यावर त्यो काय पत्ता इचारीत फिरंल? त्याला आमचं घर पाठ हाये. एसटीच्या डायव्हरला नसंल एक वेळ."

सगळे हसले. मीही हसले, आणि त्या हसण्यात विषय निघून गेला. आमच्याकडे विषय असेच जातात. कुणी नाही म्हणत नाही. भांडण झालं असतं तर मला भांडता आलं असतं. पण सगळेच माझ्या बाजूचे होते, सगळ्यांना मुलीची काळजी होती, सगळ्यांना ताईची आठवण येत होती, आणि पुढच्या रविवारी मी गेले तेव्हा बुडख्यांना पाणी दिलेलं होतं.

मी परतीच्या गाडीत खिडकीला डोकं टेकून बसले होते आणि एकच हिशेब मनात फिरत होता. आई गेली म्हणून पोरीचं अंगण थांबलं. आई गेली म्हणून ऊस मात्र थांबला नाही. हे मी कुणाला सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, रीत आहे. आणि ती रीत माझ्याच बहिणीच्या दुःखासाठी पाळली जात होती, म्हणून त्या रीतीविरुद्ध बोलायला माझीच जीभ जड होत होती.

चैत्रात कांदा आला. चाळ भरली आणि भाचीची होती नव्हती ती जागाही गेली. आता ती दिवसभर आतल्या खोलीत, मोबाइल घेऊन. तिचं बोलणं बदललं. एकदा मी जेवायला हाक मारली तर म्हणाली, "मुझे नहीं खाना, मैं बिझी हूँ." दाजींना त्याचं कौतुक वाटलं. म्हणाले, "हिंदी लई भारी बोलती राव. कुणी शिकवली न्हाई, काय न्हाई." तीच पोर खोलीबाहेर शेळी ओरडली की कानावर हात ठेवायची. रात्री उठून बसायची असं आत्या सांगायच्या. तिला अंगारा लावला होता.

वैशाखात मी तिला ओझरला घेऊन गेले. देवाच्या निमित्ताने म्हटलं तर कुणी अडवत नाही. गर्दी नव्हती. देवळाचं आवार मोठं, फरसबंद, चारी बाजूंनी भिंत, म्हणजे भीती वाटण्यासारखं काही नाही असा माझा अंदाज. दर्शन झाल्यावर मी तिचा हात सोडला आणि म्हणाले, "पळ."

ती भिंतीकडे गेली. एक हात भिंतीला लावला आणि पळायला लागली, कोपऱ्यापर्यंत. तिथे वळली नाही, म्हणजे भिंत वळली तशी ती वळली नाही. ती उलट फिरली आणि आली त्याच वाटेने माझ्याकडे आली. पुन्हा गेली, पुन्हा आली. आवाराच्या मध्यावर दुसरी मुलं शिवाशिवी खेळत होती. मी तिला हाताला धरून मध्यावर नेलं. पाच-सहा पावलं ती आली आणि मग खाली बसली.

"मावशी, दार लाव."

"इथे दार नाही गं."

"मग लाव ना."

मला तेव्हा ते चार फूट दिसले. व्हिडिओत मी जे कौतुकाने पाहत होते ते हेच होतं. ती खेळत नव्हती. जागा केवढी असते हे तिला त्या चाळीने शिकवलं होतं, आणि ते तिच्या पायांत बसलं होतं.

नंतर आम्ही घाटावर गेलो. धरणाचं पाणी लांबवर पसरलेलं, दूर एक होडी. ती बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, "एवढुशी होडी. तिच्यात माणसं कशी मावली?" मी म्हणाले, ती लांब आहे म्हणून लहान दिसते. तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मी तिची थट्टा करते आहे. मी पुढच्या आठवड्यात तिचे डोळे तपासून घेतले. डोळ्यांत काही दोष नव्हता.

जूनमध्ये ती पहिलीत गेली. शाळा गावात, मुलांना गाडी न्यायला येते. महिन्याभराने मी रजा काढून शाळेत गेले तेव्हा वर्गाच्या बाईंनी मला थांबवलं. भल्या बाई होत्या. म्हणाल्या, "पोरगी हुशार आहे. अक्षरं येतात, अंक येतात. पण मैदानावर यायला बघत नाही. खेळाच्या तासाला व्हरांड्यात उभी राहते. बाकीची पोरं चिडवतात, खुराड्यातली कोंबडी म्हणतात. तुम्ही जरा डॉक्टरांना दाखवा."

"कुठल्या डॉक्टरांना?"

त्या अडखळल्या. "म्हणजे... मनाच्या."

मी हे दाजींना सांगितलं. ते गोठ्यात धार काढत होते. त्यांनी कासेवरचा हात थांबवला नाही. मग म्हणाले, "पोर येडी हाये का?"

"नाही."

"मग काय कमी हाये तिला?"

"जागा."

ते बादली उचलून आत गेले. मला वाटलं, रागावले. पण त्या संध्याकाळी त्यांनी मला नारायणगावच्या स्टँडपर्यंत सोडलं, आणि मी उतरल्यावर गाडी बंद न करताच म्हणाले, "मॅडम, मला बी कळतंय. पण तोंड उघडलं की म्हातारी रडती. बायको गेली, आता आईला रडवू का?" एवढं बोलून गेले. गर्दीत, हॉर्नच्या आवाजात. ते हे घरी बोलू शकले नसते.

तोपर्यंत खोडवा माणसाच्या वर गेला होता.

श्रावण संपत आला तसं वर्षश्राद्धाचं बोलणं सुरू झालं. आमच्या भागात आता त्याला प्रथम पुण्यस्मरण म्हणतात. फ्लेक्स लागतो, त्यावर गेलेल्याचा फोटो. सकाळी कीर्तन, बाराला फुलं, मग पंगत. पाहुणे, सोसायटीची माणसं, पुढारी. मी त्या रविवारी गेले तेव्हा ओट्यावर भाऊबंद बसलेले होते आणि प्रश्न एकच होता, मांडव कुठे टाकायचा. शाळेचं पटांगण पावसाने चिखलाचं झालेलं. मंगल कार्यालय लांब पडतं.

चुलते म्हणाले, "दारातच टाकू की. पुढचा ऊस काढा."

आत्या म्हणाल्या, "काढा. माझ्या सुनेचं वरीस हाये, एवढं न्हाई व्हायचं का?"

मी आतून चहा घेऊन येत होते. हातातला ट्रे मी खाली ठेवला. मी आत्यांना म्हणाले, "अजून वर्ष झालं नाही ना? नवं काम चालतं?"

"ह्ये काय नवं काम व्हय? ह्ये तिचंच काम हाये."

त्यांनी ते मनापासून म्हटलं होतं. मी ट्रे पुन्हा उचलला आणि चहा वाटला.

दोन दिवसांत ऊस आडवा झाला. जनावरांना वैरण म्हणून भाऊबंदांनी नेला. जेसीबी आला, बुडखे उपटले, मुरूम टाकून जागा सपाट झाली. माघापासून जे होत नव्हतं ते मांडववाल्याचा ट्रक यायच्या आत झालं. ज्या दिवशी ताईचा फोटो हार घालून मांडवात ठेवला, त्या दिवशी तो ज्या जमिनीवर होता ती जमीन तिने मागितलेली होती. फोटोपुढे कीर्तनकार आईच्या मायेवर बोलले. पुढारी बोलले. लोक डोळे पुसत होते. भाची आतल्या खोलीत होती, मोबाइल घेऊन, कारण एवढ्या गर्दीत पोर कुठे जाईल सांगता येत नाही म्हणून आत्यांनीच तिला आत ठेवलं होतं. फुलं टाकायच्या वेळी तिला बाहेर आणलं, तिच्या हातात फुलं दिली, फोटो काढले, आणि परत आत नेलं.

पंगती उठल्या. मांडववाले खांब उपटायला लागले. चुलते रिकाम्या जागेवरून चपला घासत चालले आणि म्हणाले, "जागा तयारच झालीया. कांद्याचं रोप टाकून द्या. मुरूम हाये, पाणी साचायचं न्हाई."

कुणीतरी बरोबर म्हणालं. मी दाजींकडे पाहिलं. ते पातेली धुणाऱ्या बायकांकडे पाणी सोडत होते. मी त्यांच्याजवळ गेले आणि हळूच म्हणाले, मला हळूच बोलता येतं, "दाजी, रोप टाकलंत तर मी पोरीला मंचरला नेईन."

आत्यांनी ते ऐकलं. "ने की," त्या म्हणाल्या. "तिसऱ्या मजल्यावर ऱ्हातीस तू. गॅलरीला गज हायेत. तिथं काय माळरान हाये व्हय?"

ते खरं होतं. माझ्या घरात तिला चाळीएवढीही लांबी मिळाली नसती. महाविद्यालयात मी, घराला कुलूप, शेजाऱ्यांकडे किल्ली. मी तिला न्यायची धमकी दिली होती आणि न्यायला माझ्याकडे जागा नव्हती. मला वाटतं, त्या एका क्षणी मी सगळ्यात जास्त हरले होते, आणि समोर ताईच्या फोटोचा हार कुणीतरी काढून दुरडीत टाकत होतं.

दाजींनी पाण्याची नळी खाली टाकली. चुलत्यांकडे बघून म्हणाले, "रोप न्हाई टाकायचं."

"का रं?"

"न्हाई टाकायचं. रोपाला दुसरी जागा हाये. पोरीला न्हाई."

चुलत्यांनी मान हलवली. "बघ बाबा. तुझं रान."

एवढंच झालं. माघापासून जे मी सांगत होते ते दोन वाक्यांत झालं, आणि मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. मी मांडवाच्या खांबांचे खड्डे पायाने बुजवत राहिले. हे माघात झालं असतं तर पोर उन्हाळाभर बाहेर असती. शाळेत व्हरांड्यात उभी राहिली नसती कदाचित. मुलाचं वय थांबून राहत नाही, आणि आमच्याकडे सगळ्या गोष्टी थांबवता येतात.

आता कार्तिक चालू आहे. अंगण आहे. दाजींनी तिन्ही बाजूंनी तारेचं कुंपण घातलंय, गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत खाली पत्रा, वर तार, म्हणजे पलीकडचं दिसतं. त्याला माझी हरकत नाही. आत्या रोज सकाळी सडा घालतात, तक्रार करत. भाची पहिले काही आठवडे ओट्याच्या कडेनेच ये-जा करायची. मग तारेच्या कडेने. मी तिला मध्यावर ये म्हणत नव्हते. मीच मध्यावर पोतं टाकून पुस्तक वाचत बसायचे. एका रविवारी ती येऊन पोत्याच्या टोकावर बसली. पुढच्या रविवारी तिथून उठून तारेपर्यंत गेली, आडवी.

गेल्या रविवारी ती पडली. कोंबडीच्या मागे पळत होती, तिरपी, कुठल्याच कडेला न धरता, आणि मुरमावर गुडघ्यावर आपटली. गुडघा सोलून निघाला. सहा वर्षांच्या पोरीच्या गुडघ्यावर तोवर एकही व्रण नव्हता. तिला रडावं की नाही ते कळेना. ती रक्ताकडे बघत बसली.

आत्या गोठ्यातून धावत आल्या. "लागलं पोरीला. झालं समाधान तुझं?"

मी तिला ओट्यावर बसवलं, पाण्याने गुडघा धुतला आणि हळद आणायला आत गेले. हळदीचा डबा सापडायला वेळ लागला, कारण आत्यांनी तो ताईच्या जागेवरून हलवला होता. बाहेर आले तर ओटा रिकामा.

दिवस कलायला आला होता. गोठ्यामागचा ऊस अजून उभा आहे. अंगणात मला कोणी दिसलं नाही. आणि माझ्या तोंडून असा आवाज निघाला की तो माझा आहे हे मला नंतर कळलं. मी तिच्या नावाने ओरडत होते. आत ये म्हणत होते. एका हातात हळद, दुसऱ्या हाताने मी ओट्याचा खांब धरला होता.

ती पाण्याच्या टाकीमागे होती. कोंबडी तिकडे गेली होती म्हणून तीही लंगडत गेली होती. माझा आवाज ऐकून ती उभी राहिली. तिचा चेहरा बघता बघता बदलला. तिने टाकीला हात लावला, मग तारेला, मग तारेच्या कडेकडेने, एक हात तारेवर ठेवून, घरापर्यंत आली, माझ्या बाजूने आत गेली आणि दार लावून घेतलं.

आत्या गोठ्याच्या दारात उभ्या होत्या. मला वाटलं, आता बोलतील. त्या म्हणाल्या, "शेवटची गाडी जाईल तुझी."

मी गाडी जाऊ दिली. दार ढकलून पाहिलं, तिने आतून कडी घातली होती. मी दाराबाहेर ओट्यावर बसले आणि दाराच्या फटीशी तोंड नेऊन सांगितलं की बिबट्या नव्हता, मीच घाबरले होते. थोड्या वेळाने ती आतून म्हणाली, "तू पण घाबरतीस?"

"हो."

"मग तू आत ये."

"तू कडी काढ, मग येते."

ती विचार करत असावी. दाजी शेतातून येईपर्यंत तिने कडी काढली नाही, आणि मी काढायला लावली नाही.